साथीच्या दिवसांतील आजी-आजोबा

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त जुलै महिन्याच्या चौथ्या रविवारीं भरलेल्या वृद्धजनांच्या मेळाव्यांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सव समितीची मंडळी मजकडे आली आणि "आजी-आजोबा ह्या विषयावर चार शब्द बोला" असें म्हणाली, तेव्हां मीं त्यांस प्रथम एवढेंच विचारून घेतलें कीं, गौरवाचें भाषण हवें कीं खरें हवें. गौरवाचीं भाषणें आपल्याकडे पुष्कळ होतात. संत ज्वाकीम व संत आन्ना ह्यांचा सण २६ जुलैस येतो. पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०२१ सालीं त्या सणाच्या लगतचा, म्हणजे जुलैचा चौथा रविवार, जगांतील सर्व आजी-आजोबा व वृद्धजन ह्यांचा दिवस म्हणून नेमून दिला. आणि तेव्हांपासून ह्या दिवशीं आपणांस वेदीपुढें बोलावून हातांत एकेक फूल देण्याची चाल ठिकठिकाणीं पडली आहे. फूल घेण्यास माझी ना नाहीं. परंतु त्या दिवसाची पहिली पाळी कधीं आली हें आठवून पाहा. ती २५ जुलै २०२१ रोजीं आली. त्या वेळीं करोनाच्या साथीमुळें महाराष्ट्रांतील सर्व प्रार्थनास्थळें भाविकांस बंद होतीं. म्हणजे आपल्या पहिल्या दिवशीं आपणांस फूल देण्यास कोणी नव्हतें आणि तें घेण्यास आपणांस सवडही नव्हती. आपण घरीं नातवंडांस भात भरवीत बसलों होतों.

त्या दिवसांविषयींच मी आज बोलणार आहें. समितीनें "खरें बोला" असें सांगितलें आहे, म्हणून बोलण्याचें धाडस करतों.

मार्च २०२० मध्यें प्रथम शाळा बंद झाल्या, २२ तारखेस जनता कर्फ्यू झाला, आणि २५ तारखेपासून टाळेबंदी आली. पुढें सरकारनें जे नियम काढले, त्यांत एक वाक्य असें होतें कीं, ६५ वर्षांवरील माणसें, १० वर्षांखालील मुलें, गरोदर स्त्रिया आणि जुने आजार असलेलीं माणसें ह्यांनीं औषधोपचार व अत्यंत जरुरीचें काम ह्यांवांचून घराबाहेर पडूं नये. मी जन्मभर शाळामास्तर होतों. वाक्याचा अन्वय लावून पाहण्याची खोड मला अद्याप आहे. ह्या एका वाक्यानें घराचीं दोन्ही टोकें, पिकलेलें पान आणि कोवळा कोंब, एका खोलींत आणून बसविलीं. मधली पिढी त्या वाक्यांत नव्हती. तिला कामावर जावयाचें होतें, किंवा घरांत बसून काम करावयाचें होतें. कोणीं कोणास सांभाळावें हें नियमांत कोठेंही लिहिलेलें नव्हतें. लिहिण्याची गरजच नव्हती. तें सर्वांस ठाऊक होतें.

आपल्या वसई तालुक्याची गोष्ट घ्या. आपल्या मुलासुनांची, लेकीजांवयांची भाकरी मुंबईंत भाजते. आगगाड्या बंद पडल्या तेव्हां परिचारिका, रुग्णालयांतले सेवक, पोलीस, नगरपालिकेचे कामगार, विजेच्या खात्यांतलीं माणसें एस. टी. च्या बसमधून तासन् तास प्रवास करून मुंबई गांठीत होतीं. १५ जून २०२० पासून विरार ते चर्चगेट कांहीं लोकल सुरू झाल्या, त्याही अत्यावश्यक सेवेंतील माणसांपुरत्या. अशा घरांतून पहांटे चार वाजतां आई निघे आणि रात्रीं परत येई. ती मागीलदारीं थांबून कपडे गरम पाण्यांत टाकी, न्हाऊन घेई, आणि मगच उंबरा ओलांडी. तोंवर मूल आजीच्या हातांतून सुटूं पाहत असे आणि आजी त्याला घट्ट धरून ठेवीत असे. आईकडे धांवणाऱ्या लेंकराला अडविण्याचें काम आजवर कोणत्या आजीला करावें लागलें होतें? कांहीं आया तर रुग्णालयाच्या जवळच आठवडेच्या आठवडे राहिल्या, आणि मुलांनीं त्यांस मोबाईलच्या कांचेंतून तेवढें पाहिलें.

दुसऱ्या प्रकारचीं घरें होतीं, तेथें आईबाप घरींच होते, पण असून नसल्यासारखे. एक खोली संगणकाची, तेथें "हळू बोला, मीटिंग चालू आहे" असा दिवसभर धाक. दुसरी खोली स्वयंपाकाची. राहिलेल्या जागेंत आजी, आजोबा आणि दोन मुलें. हीं घरें पहिल्या घरांपेक्षां सुखी होतीं असें वाटेल. पण माझा अनुभव तसा नाहीं. जेथें आई कामावर गेली होती तेथें आजीच्या शब्दाला निदान वजन होतें. जेथें आई भिंतीपलीकडे होती, तेथें आजीनें "नको" म्हटलें कीं मूल भिंतीकडे पाहत असे.

आपल्या थोरामोठ्यांनीं साथी पाहिल्या नव्हत्या असें नाहीं. १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाला आपल्या लोकांनीं मानमोडी असें नांव दिलें होतें. ती त्या वर्षीं जूनमध्यें मुंबईच्या बंदरांत उतरली, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेंत तिनें असा कहर केला कीं, हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं. परंतु तिचें एक विलक्षण लक्षण असें होतें कीं, ती वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांस अधिक नेई. म्हणजे घराचा मधला वासाच मोडे, आणि म्हातारी व तिचीं नातवंडें तेवढीं मागें राहत. त्या आजीचें दुःख भयंकर होतें. पण मांडीवरच्या मुलाकडे पाहून "हेंच मला मारील" असें तिला वाटण्याचें कारण नव्हतें.

करोनानें हा क्रम उलटा केला. मुलांस तो बहुधा सौम्य होई, कित्येकांस झाल्याचें समजतही नसे. वय जसें वाढेल तसा धोका वाढे. त्यामुळें आजीच्या गळ्याभोंवतीं जो चिमुकला हात पडे, तोच हात तिच्या मृत्यूचें निमित्त होऊं शकत होता. हें तिला ठाऊक होतें, मुलाच्या आईबापांस ठाऊक होतें, आणि पांच-सहा वर्षांच्या मुलासही कोणीतरी सांगून ठेविलें होतें. "आजीजवळ जाऊं नको, तिला कांहीं होईल," हें वाक्य मुलाच्या मनांत कोठें जाऊन बसलें असेल, ह्याचा विचार अजून आपण पुरता केलेला नाहीं. आजी तर अशी भिंतीच्या दोन्ही बाजूंस उभी होती: जवळ घ्यावें तर जिवाची भीति, दूर लोटावें तर मुलाचा चेहरा. बहुतेकींनीं जवळ घेतलें. १ मार्च २०२१ पासून साठीवरील माणसांस लस मिळूं लागली, तेव्हां रांगेंत उभ्या असलेल्या ओळखीच्या बायांशीं मी बोलत होतों. स्वतः जगावें म्हणून आलें आहें असें एकीनेंही सांगितलें नाहीं. "पोराला उराशीं धरतां येईल" हेंच जिच्यातिच्या तोंडीं.

आतां मोबाईलवरच्या शाळेविषयीं. ह्या बाबतींत माझें मन कडू आहे, तें मी लपवीत नाहीं. लहान वर्गांच्या मुलांस शाळेचें दार डिसेंबर २०२१ मध्यें पुन्हां दिसलें. म्हणजे सुमारें वीस महिने तीं घरीं होतीं, आणि उघडलेलें दार जानेवारीच्या लाटेंत पुन्हां कांहीं दिवस मिटलें. एवढ्या काळांत शिक्षकाचें अर्धें काम कोणीं केलें? ज्या आजीनें स्वतः चौथीनंतर पाटी खालीं ठेविली, तिनें केलें. मूल कांचेंत पाहतें आहे कीं खेळ लावून बसलें आहे, आवाज बंद आहे कीं चालू, गृहपाठाचें छायाचित्र काढून कोठें धाडावयाचें, हें सारें तिच्या माथीं आलें. जाळें तुटलें कीं शिक्षिका विचारीत, "घरीं कोणी मोठें नाहीं का?" आणि शेजारीं बसलेली पासष्ट वर्षांची बाई आपण मोठ्या आहोंत कीं नाहीं ह्याच्या संभ्रमांत पडे. माझ्या सात वर्षांच्या नातवानें मला आवाज बंद करण्याचें बटण दाखविलें, तें मीं कौतुकानें शिकून घेतलें. पण दुसऱ्याच दिवशीं मी रागें भरतांच तेंच बटण माझ्यावरही चालतें काय, हें त्यानें बोट पुढें करून पाहिलें. हंसूं आलें खरें. पण विचार करतां असें दिसलें कीं, घरांत ज्ञान वरून खालीं वाहत आलें होतें, तें ह्या कांचेंत खालून वर वाहूं लागलें, आणि त्याबरोबर अधिकारही वाहून चालला. पुष्कळ आजोबांस त्या दिवसांत जो चिडचिडेपणा आला, त्याचें मूळ येथें आहे असें माझें मत आहे. लोक म्हणाले, म्हातारपणानें चिडतात.

शरीराचें सांगावें तेवढें थोडें. सहा वर्षांच्या मुलामागें दिवसभर धांवणें हें तिसाव्या वर्षींही दमविणारें काम आहे. गुडघे झिजलेल्या माणसास तें करावयाचें होतें. त्यांत बाह्यरुग्ण विभाग बंद किंवा करोनानें भरलेले. रक्तदाब पाहण्यास जावें तर तेथूनच रोग घरीं यावयाचा, ह्या भीतीनें कित्येकांनीं तपासणी लांबविली, औषधाच्या गोळ्या अर्ध्या करून पुरविल्या. आपल्यासारख्यांचे चालण्याफिरण्याचे, पत्ते खेळण्याचे, चर्चच्या आवारांत बसून बोलण्याचे जे चार विसावे होते ते सारे एका दिवसांत गेले. २०२० चा झावळ्यांचा रविवार ५ एप्रिलला आला आणि गेला, पुनरुत्थानाचा सण १२ एप्रिलला आला आणि गेला. आपण मिस्सा दूरदर्शन संचावर किंवा मोबाईलवर पाहिली, तीही शेजारीं मूल "कार्टून लाव" म्हणून हात ओढीत असतांना. चर्चची दारें १६ नोव्हेंबर २०२० रोजीं उघडलीं, पुढच्या एप्रिलमध्यें पुन्हां मिटलीं, आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजीं पुन्हां उघडलीं. वृद्ध माणसाला एक तासभर, कोणाचीही आजी नसलेलें असें, एकट्यानें देवापुढें बसण्याची किती गरज असते, हें तें दार मिटल्यावर कळलें.

आणि मृत्यू. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत दुसरी लाट आली, प्राणवायूचा तुटवडा पडला, तेव्हां आपल्या तालुक्यांत असें घर विरळा कीं जेथें नातेवाइकाच्या मरणाची बातमी फोनवर आली नाहीं. अंत्ययात्रेस वीसच माणसांची मुभा. वृद्धांनीं तर जाऊंच नये. सख्ख्या बहिणीच्या मातीला जातां आलें नाहीं, आणि तीच बातमी ऐकून दहा मिनिटांनीं मुलाला दूध करून द्यावयाचें होतें. रडावें तर मूल घाबरतें. म्हणून मोरीचें दार लावून, नळ सोडून रडणाऱ्या आज्या मला ठाऊक आहेत. मुलें भोळीं नसतात. "आजी, तूं नळ सोडून काय करतेस?" असें विचारणारीं मुलेंही मला ठाऊक आहेत.

हें सर्व मी सांगतों तें कोणाची कींव यावी म्हणून नव्हे. माझें म्हणणें असें आहे कीं, हें काम होतें. आपण त्याला माया म्हणतों. आणि माया म्हटल्याबरोबर तें मोजावयाचें थांबतों. आई परिचारिका होती तिच्या कामाचे तास मोजले गेले. तिच्यासाठीं आपण सर्वांनीं थाळ्याही वाजविल्या, आणि तें योग्यच झालें. पण ती ज्या आजीच्या जोरावर कामावर जाऊं शकली, त्या आजीचा तास कोणत्या वहींत आहे?

वहीची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. लॅन्सेट ह्या विख्यात वैद्यकीय नियतकालिकांत त्याच २०२१ च्या जुलै महिन्यांत एक अभ्यास छापून आला. साथ सुरू झाल्यापासून एप्रिल २०२१ अखेरपर्यंत जगांत किती मुलांचें छत्र हरपलें, ह्याचा अंदाज त्यांत होता. आंकडा १५ लाखांहून अधिक. विशेष असें कीं, त्या विद्वानांनीं केवळ आईबाप मोजले नाहींत. मुलांस सांभाळणारे व एका घरांत राहणारे आजी-आजोबाही मोजले. म्हणजे आजीचें काम अखेर शास्त्रानें मोजलें. पण मोजलें तें ती गेल्यावर, तिच्या जाण्यानें पडलेल्या खड्ड्याच्या मापानें. आपल्याकडे २९ मे २०२१ रोजीं केंद्र सरकारनें अनाथ झालेल्या मुलांसाठीं योजना जाहीर केली, त्यांत मूल २३ वर्षांचें झाल्यावर १० लाख रुपये मिळावयाचे आहेत. महाराष्ट्र सरकारनेंही दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नांवें ५ लाख रुपयांची ठेव ठेवण्याचें ठरविलें. ह्या योजना चांगल्या आहेत, आणि त्यांबद्दल मी कृतज्ञ आहें. परंतु केंद्राच्या योजनेंत आईबाप, उरलेला एकटा पालक आणि कायदेशीर पालक एवढेच धरले होते. ज्या मुलाला प्रत्यक्षांत आजीनें वाढविलें आणि कागद केला नाहीं, त्या मुलाची आजी गेली तर तें त्या हिशेबानें कांहींच हरवून बसलें नव्हतें. आज जे आजी-आजोबा मेलेल्या मुलाच्या वा लेकीच्या पोरांस वाढवीत असतील, त्यांनीं पालकत्वाचा कागद न्यायालयाकडून करून घ्यावा, आणि राज्याच्या बाल संगोपन योजनेविषयीं जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयांत चौकशी करावी. लाजण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं. मदत मुलाच्या हक्काची आहे.

मोजण्याविरुद्ध एक आक्षेप नेहमीं घेतला जातो, आणि तो बहुधा आपणच घेतों. "नातवंडांचें करतांना दमलें असें म्हणावें तरी कसें? दुधापेक्षां साय गोड." साय गोड आहे, ह्यांत वाद नाहीं. पण भांडें दुधाचें असो कीं सायीचें, तें दिवसभर डोक्यावर धरलें तर मान दुखतेच. थकवा आणि माया हीं दोन्हीं एकाच माणसाच्या अंगांत एकाच वेळीं राहूं शकतात. पापनिवेदनाला जाऊन "मी नातवावर रागावलें" असें सांगून रडणाऱ्या आज्या आपल्यांत आहेत. त्यांस मी आदरानें सांगूं इच्छितों कीं, जें मन चौदा तासांनंतर रागावलें, त्याला पश्चात्तापाच्या आधीं झोपेची गरज असूं शकते. फादर समोर बसले आहेत. मी धर्मशास्त्रांत चुकत असलों तर ते मला आवरतील. ते हंसत आहेत, तेव्हां पुढें जातों.

जुन्या करारांत रूथच्या पुस्तकाच्या शेवटीं नामी नांवाची म्हातारी आहे. नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले, आणि अशा बाईनें सुनेचें मूल उराशीं घेतलें व ती त्याची दाई झाली. आपण ही कथा नामीच्या मायेसाठीं सांगतों. पण तेथें आणखी कोण आहे तें पाहा: शेजारणी आहेत. त्या तिच्याभोंवतीं जमल्या आहेत, तिच्याशीं बोलत आहेत. मुलाचें नांवसुद्धां त्याच ठेवितात. नामीनें तें मूल एकटीनें, दार लावून वाढविलें असें तेथें दिसत नाहीं. साथीनें आपल्या शेजारणी काढून घेतल्या, हाच तिचा वृद्धांवरील सर्वांत मोठा घाव होता असें मला वाटतें.

म्हणून त्या दिवसांत जीं घरें तगलीं, तीं कशानें तगलीं हें मीं थोडेंबहुत विचारून पाहिलें. एका घरीं दोन विहिणी, एक येथें आणि एक मालाडला, रोज दुपारीं तीन वाजतां एकमेकींस फोन करीत. बोलणें कशाचें? मुलांच्या खोड्यांचें, सुनेच्या गाऱ्हाण्याचें, अळूच्या भाजीचें. तो अर्धा तास मुलानें जवळ यावयाचें नाहीं असा नियम होता आणि मूल तो पाळी. दुसऱ्या एका घरीं सुनेनें स्वतः होऊन रविवार सबंध आपल्याकडे घेतला. सासूबाईंनीं त्या दिवशीं मुलाला आंघोळसुद्धां घालावयाची नाहीं. सासूबाई प्रथम रुसल्या, म्हणाल्या, "माझें काम आवडत नाहीं वाटतें." तिसऱ्या रविवारीं त्या दुपारीं झोंपल्या त्या दिवेलागणीला उठल्या. आणि ज्यांच्याकडे वाडी होती त्यांनीं मुलांस वाडींत नेलें. केळीला पाणी घालावें, मोगऱ्याच्या कळ्या खुडाव्या, वाल निवडावे. मोकळ्या हवेंत रोगाचें भयही कमी, आणि तेथें मोबाईल जाणणारा नातू पुन्हां नातू होई व आजोबा पुन्हां आजोबा होत. हरवलेला अधिकार आमच्यापैकीं पुष्कळांस वाडींत परत मिळाला.

मुलांस मरणाची बातमी सांगावी कीं नाहीं, ह्यावर मतें निरनिराळीं आहेत. माझें मत असें कीं, थोड्या शब्दांत, खरी सांगावी. "ते गांवाला गेले" असें सांगितलेलें मूल प्रत्येक गांवाला जाणाऱ्या माणसाला भितें. ज्या घरांत संध्याकाळच्या जपमाळेंत गेलेल्याचें नांव मोठ्यानें घेऊन प्रार्थना झाली आणि मुलादेखत चार अश्रू पडले, तेथें नळ सोडावा लागला नाहीं.

कांहीं गोष्टी घरच्या उपायांपलीकडच्या असतात, त्याही स्पष्ट सांगतों. दोन-दोन आठवडे झोंप नाहीं, अन्नावर वासना नाहीं, ज्या मुलासाठीं जीव टाकला त्याच्याकडे पाहून कांहींच वाटत नाहीं, किंवा "आतां उचल रे देवा" हें वाक्य बोलण्याच्या संवयीनें नव्हे तर मनापासून येऊं लागलें आहे, असें झालें तर तो आजार आहे; डॉक्टरला दाखवावा, जसा मधुमेह दाखवितों. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सरकारनें मनाच्या दुखण्यासाठीं १४४१६ ह्या क्रमांकावर फोनची सोय केली आहे, तेथें मराठींतही बोलतां येतें. आणि वृद्धांच्या कोणत्याही अडचणीसाठीं १४५६७ हा क्रमांक आहे. दोन्हीं फुकट आहेत. माझ्या वयाच्या पुरुषांनीं हे क्रमांक विशेषेंकरून लिहून घ्यावे, कारण बायका निदान शेजारणीजवळ बोलतात. आपण खाटेवर पडून आढ्याकडे पाहतों.

आतां मागच्या बाकांवर बसलेल्या मुलांस, सुनांस, लेकींस व जांवयांस. जागतिक आरोग्य संघटनेनें ५ मे २०२३ रोजीं करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. आपल्या कित्येक घरांत ती संपली नाहीं. साथींत अडचण म्हणून मूल आजीकडे आलें, तें अडचण गेल्यावर संवय म्हणून राहिलें. त्या वेळीं विचारण्यास सवड नव्हती हें मला मान्य आहे. पण आतां विचारा. "आई, मंगळवारीं जमेल का?" असें विचारलें असतां ती शंभरांतून नव्वद वेळां हो म्हणेल, मी खात्रीनें सांगतों, मात्र तें हो तिचें असेल. आणि दहा वेळां नाहीं म्हणाली तर रुसूं नका, कारण नाहीं म्हणण्यास तिला किती वर्षें लागलीं आहेत तें तुम्हांस ठाऊक नाहीं. मुलाला लागणाऱ्या दुधाचे, औषधाचे पैसे तिच्या निवृत्तिवेतनांतून जात असतील तर तेंही एकदां बसून पाहा. हिशेब विचारल्यानें माया आटत नाहीं. उलट न विचारलेला हिशेब मनांत व्याजानें वाढतो.

एक काम मात्र आजच करून जावें अशी माझी विनंती आहे. साथ पुन्हां येईल कीं नाहीं हें देव जाणे. पण म्हाताऱ्या माणसाला एके सकाळीं ताप भरणें ह्याला साथच लागते असें नाहीं. त्या सकाळीं मूल कोणाकडे जाईल? त्या दोन वर्षांत ह्या एका प्रश्नाचें उत्तर तयार नसल्यानें कित्येक आजींनीं ताप लपविला, आणि कांहींनीं तो फार काळ लपविला. दाराशीं टेबलावर कोरे कागद ठेविले आहेत. त्यावर आपलें नांव, आपल्या गोळ्यांचीं नांवें व वेळा, आपल्या डॉक्टरचा फोन, मुलाच्या शाळेचा फोन, आणि आपण आजारी पडलों तर मुलाला घेऊन जाणारें पहिलें माणूस व तें न मिळाल्यास दुसरें माणूस, एवढें लिहावें. ज्यांचीं नांवें लिहाल त्यांस विचारून लिहावें. तीं माणसें बहुधा ह्याच सभागृहांत बसलीं आहेत. कागद स्वयंपाकघरांत, मुलाला दिसेल असा चिकटवावा. ज्यांस लिहिण्याचा सराव राहिला नाहीं, किंवा ज्यांचा चष्मा घरीं राहिला आहे, त्यांच्याजवळ तरुण मंडळाच्या मुली बसून लिहून देतील. आपलें दुसरें माणूस कोण हें ज्यांस सुचत नाहीं त्यांनीं माझ्याकडे यावें, मी दाराशींच उभा आहें. आपण दोघे मिळून कोणीतरी शोधूं. चहा त्यानंतर आहे.